चिप स्वदेशी झाली. पण तिच्यावर चालणाऱ्या प्रोसेसला विचारले कोणी?

स्वदेशी प्रोसेसरची बातमी आता वर्षाकाठी एकदा तरी येतेच, आणि तिचा साचाही ठरून गेला आहे. २०१८ मध्ये चेन्नईच्या आयआयटी मद्रासमधील ‘शक्ती’ प्रकल्पाची चिप इंटेलच्या २२ नॅनोमीटर तंत्रावर घडली. त्याच वर्षी तिचे भावंड मोहालीच्या सेमीकंडक्टर लॅबोरेटरीत १८० नॅनोमीटरवर तयार झाले. २०२० मध्ये ‘मौशिक’ आली. एप्रिल २०२२ मध्ये केंद्र सरकारने डीआयआर-व्ही कार्यक्रम जाहीर केला आणि आयआयटी मद्रासचे संचालक व्ही. कामकोटी यांना त्याचे मुख्य शिल्पकार केले. फेब्रुवारी २०२५ मध्ये इस्रोच्या सहकार्याने ‘आयरिस’ आली, डिसेंबर २०२५ मध्ये सी-डॅकचा ‘ध्रुव६४’. प्रत्येक बातमीत नॅनोमीटर असतात, गिगाहर्ट्झ असतात, गाभ्यांची संख्या असते आणि शेवटच्या परिच्छेदात ‘आत्मनिर्भर’ हा शब्द असतो.

या कामाचे मोल मला यत्किंचितही कमी लेखायचे नाही. चेन्नईतील एका विद्यापीठीय विभागाने प्रोसेसरचा संपूर्ण आराखडा खुला करून जगापुढे ठेवावा, ही या देशाच्या संगणकीय इतिहासातील थोर घटना आहे. माझा आक्षेप बातमीत जे नसते त्याला आहे, आणि बातमीपेक्षाही ज्या धोरणातून ती बातमी जन्मते त्याला अधिक आहे. चिप घडली की काम संपले आणि उरलेले ‘सॉफ्टवेअरवाले बघतील’, ही आपली जुनी समजूत आहे. ती किती घातक आहे हे दाखवण्यासाठी मी मुद्दाम एक अगदी अरुंद, कोणाच्याही भाषणात न येणारा विषय घेतो: चालत्या प्रोसेससाठी यंत्रभाषा लिहिणारा कंपायलर आपले लक्ष्य अचूक कसे ओळखतो.

जस्ट-इन-टाइम कंपायलर, रूढ भाषेत जेआयटी, कार्यक्रम चालू असतानाच त्याच्या वारंवार चालणाऱ्या भागांचे यंत्रभाषेत रूपांतर करतो. ब्राउझरमधील जावास्क्रिप्ट, मोठ्या संस्थांच्या सर्व्हरवरील जावा, अँड्रॉइड फोनवरील अ‍ॅप, ११ व्या आवृत्तीपासून पोस्टग्रेस हा डेटाबेस, या साऱ्यांचा वेग त्याच्यावर उभा आहे. नेहमीचा कंपायलर विकासकाच्या यंत्रावर चालतो; तिथे त्याची चूक चाचणीत सापडण्याची निदान शक्यता तरी असते. जेआयटी चालतो तुमच्या-माझ्या यंत्रावर, लिहिणाऱ्याने कधीही न पाहिलेल्या चिपवर. म्हणून पहिला शब्द लिहिण्यापूर्वी त्याला एका प्रश्नाचे उत्तर हवे असते: मी ज्या प्रोसेसमध्ये बसलो आहे, तिला कोणती यंत्रभाषा समजते?

प्रश्न बाळबोध वाटतो. चिपला विचारा, ती सांगेल, असे कोणीही म्हणेल. नेमकी इथेच ठेच लागते, कारण चिप, कर्नल आणि प्रोसेस हे तिघे एकाच घरात राहत असले तरी एकच भाषा बोलतात असे नाही.

एक्स८६ चे उदाहरण घेऊ. ४८ ८९ सी३ हे तीन बाइट ६४-बिट प्रोसेसमध्ये एक साधी आज्ञा आहेत: आरएएक्स रजिस्टरमधील मूल्य आरबीएक्समध्ये उतरवा. हेच तीन बाइट त्याच चिपवर, त्याच कर्नलखाली, पण ३२-बिट प्रोसेसमध्ये चालवले तर त्यांच्या दोन आज्ञा होतात. ४८ चा अर्थ ‘ईएएक्समधून एक वजा करा’ आणि उरलेल्या दोन बाइटांचा अर्थ ‘ते ईबीएक्समध्ये उतरवा’. कार्यक्रम कोसळत नाही, पडद्यावर इशाराही येत नाही. फक्त मूल्य एकने कमी होते आणि हिशेब पुढे चालू राहतो. कोसळणारा कार्यक्रम निदान प्रामाणिक म्हणावा. हा तर गुपचूप खोटे बोलतो.

असे मिश्र संसार दुर्मीळ नाहीत. अभियांत्रिकी महाविद्यालयांतून सर्रास दिसणारा रास्पबेरी पाय घ्या. २०२३ पासून पाय ४ वर त्याची ३२-बिट प्रणाली बसवली तरी कर्नल मात्र ६४-बिटच सुरू होतो. ‘युनेम’ ही आज्ञा दिली की उत्तर येते ‘एआर्च६४’. पण तुमची प्रत्येक प्रोसेस ३२-बिट असते. ‘युनेम’वर विसंबून आपले लक्ष्य ठरवणारी साधने तिथे एकामागून एक चुकीची फाइल उचलू लागली. ‘युनेम’ने खोटे सांगितले नव्हते. तिला कर्नलबद्दल विचारले, तिने कर्नलबद्दल सांगितले.

एलएलव्हीएम या कंपायलर-संचात या भेदासाठी दोन वेगळी फंक्शने आहेत. एक ‘गेट-डिफॉल्ट-टार्गेट-ट्रिपल’, ते एलएलव्हीएम बांधताना जे लक्ष्य नोंदवले होते ते सांगते. दुसरे ‘गेट-प्रोसेस-ट्रिपल’, ते खास जेआयटीसाठी आहे. दुसऱ्याची युक्ती विलक्षण साधी आहे. ते कर्नलला विचारत नाही, चिपलाही विचारत नाही. स्वतःच्याच पॉइंटरची लांबी पाहते. चार बाइट असेल तर लक्ष्याचे ३२-बिट रूप, आठ असेल तर ६४-बिट. मी ज्या प्रोसेसमध्ये चालतो आहे तिचा पुरावा माझ्याच देहात आहे, असा हा न्याय. पहिले फंक्शन वापरून बसलेला जेआयटी एके दिवशी कोणाच्या तरी यंत्रावर तोंडघशी पडणार, हे ठरलेलेच असते.

अ‍ॅपलने २०२० मध्ये एम१ आणली तेव्हा हाच प्रश्न आणखी एक वळण घेऊन आला. रोझेटाखाली चालणारी जुनी एक्स८६ प्रोसेस प्रत्यक्षात एआरएम चिपवर असते. तिच्यातील जेआयटीने चिपकडे पाहून एआरएम आज्ञा लिहिल्या तर सर्वनाश. त्याने निमूटपणे एक्स८६ च लिहायचे, पुढचे भाषांतर रोझेटा करते. म्हणजे सिलिकॉनचे सत्य जाणून घेणे इथे निरुपयोगीच नव्हे, धोक्याचे आहे.

आता चेन्नईकडे परत येऊ, कारण रिस्क-व्हीच्या जगात हा गुंता कमी होत नाही, वाढतो. रिस्क-व्ही ही एक भाषा नाही. ती बोलींचे कुटुंब आहे. आय हा पाया. त्यावर गुणाकार-भागाकाराचा एम, अविभाज्य व्यवहारांचा ए, अपूर्णांकांचे एफ आणि डी, आखूड आज्ञांचा सी, सदिशांचा व्ही आणि नंतरची लांबलचक नावांची रांग. शक्तीचा सी-क्लास गाभा तर ३२-बिट की ६४-बिट, अपूर्णांक-गणितासह की त्याविना, असा हवा तसा घडवता येतो. रचनाकाराला हे वरदान आहे. जेआयटीच्या दृष्टीने मात्र त्याचा अर्थ असा की ‘चिप शक्तीची आहे’ या वाक्यातून त्याला काहीच कळत नाही.

आखूड आज्ञांचेच पाहा. ३२-बिट रिस्क-व्हीमध्ये जो सोळा बिटांचा नमुना ‘उडी मार आणि परतीचा पत्ता ठेव’ असे सांगतो, तोच नमुना ६४-बिटमध्ये ‘इतके मिळव’ असे सांगतो. बेरीज लिहायला जावे आणि उडी निघावी! लिनक्स कर्नलमध्ये ६४-बिट रिस्क-व्हीवर ३२-बिट प्रोसेस चालवण्याची सोय २०२२ मध्ये आली. म्हणजे हा प्रसंग केवळ कल्पनेतला राहिलेला नाही.

दुसरी गोष्ट संकेतांची. चिपमध्ये अपूर्णांकांची रजिस्टरे आहेत म्हणून फंक्शनला अपूर्णांक त्यांतूनच पाठवायचा असे नाही. ते प्रोसेस कोणत्या एबीआयने बांधली आहे त्यावर ठरते. एका संकेतात ती संख्या एफए० मध्ये जाते, दुसऱ्यात ए० मध्ये. जेआयटीने चिप पाहून एफए० निवडले आणि पलीकडचे फंक्शन ए० मध्ये वाट पाहत बसले, तर त्याला तिथे पडलेला जुना कचरा मिळेल.

तिसरी गोष्ट मला सर्वांत बोलकी वाटते. लिनक्सवर सदिश-आज्ञा वापरण्याची मुभा प्रोसेसनिहाय देता किंवा काढता येते. ‘पीआरसीटीएल’ या सिस्टम कॉलमध्ये तशी सोय आहे. चिपमध्ये व्ही आहे, कर्नलला व्ही ठाऊक आहे, तरीही या विशिष्ट प्रोसेसला व्ही वर्ज्य असू शकतो. चिपवर विसंबणाऱ्या जेआयटीला इथे पहिल्याच सदिश-आज्ञेला ‘इल्लीगल इन्स्ट्रक्शन’चा फटका बसतो. भरीस भर म्हणजे व्ही हे अक्षरही एकार्थी नाही: चीनच्या टी-हेडच्या सी९०६ गाभ्याने या विस्ताराचा ०.७.१ हा मसुदा उचलला, प्रमाण म्हणून २०२१ मध्ये १.० मंजूर झाला आणि दोहोंच्या आज्ञांचे बायनरी रूप जुळत नाही. एकच अक्षर, दोन लिप्या. ही अनागोंदी निस्तरण्यासाठी २०२३ मध्ये लिनक्सच्या ६.४ आवृत्तीत ‘रिस्कव्ही-एचडब्ल्यूप्रोब’ हा सिस्टम कॉल आणला गेला. अक्षरांच्या ओळखीवर अंदाज बांधण्यापेक्षा नेमकी विचारणा करता यावी म्हणून. पण तो खरे उत्तर देईल केव्हा? चिप बनवणाऱ्याने आपल्या गाभ्याची खरी माहिती कर्नलपर्यंत पोचवली असेल तेव्हा. ती पोचवणे हे काम कोणाच्या उद्घाटन-समारंभात नसते.

आणि आज्ञा बरोबर लिहिल्या तरी त्या गाभ्याला दिसायला हव्यात. जेआयटी आज्ञा लिहितो ते डेटा म्हणून; गाभा त्या वाचतो आज्ञांच्या कॅशमधून. रिस्क-व्हीची ‘फेन्स-आय’ ही आज्ञा फक्त चालू गाभ्यापुरती दोहोंची सांगड घालते. पुढच्या क्षणी कर्नलने तुमचा थ्रेड शेजारच्या गाभ्यावर हलवला तर तिथे शिळ्याच आज्ञा असतील. म्हणून लिनक्सवर त्यासाठी स्वतंत्र सिस्टम कॉल करावा लागतो. एकगाभी चिपवर सुखाने नांदणारी ही चूक दोन गाभ्यांची चिप येताच डोके वर काढते. दोन गाभ्यांची स्वदेशी चिप आलेली आहे, हे इथे नमूद करतो.

अशी चूक किती छळते याची कथा २०१६ मध्ये मोनो या डॉटनेट-प्रणालीच्या अभियंत्यांनी प्रसिद्ध केली होती. काही एआरएम फोनांवर कार्यक्रम अधूनमधून, अगदी निर्दोष दिसणाऱ्या आज्ञेवर कोसळत. कारण अखेर सापडले: सॅमसंगच्या एक्सिनोस ८८९० मध्ये मोठ्या गाभ्यांची कॅश-ओळ १२८ बाइटांची आणि लहान गाभ्यांची ६४ बाइटांची. जेआयटीने मोठ्या गाभ्यावर असताना १२८ हा आकडा एकदाच विचारून लक्षात ठेवला, पुढे लहान गाभ्यावर गेल्यावरही तेवढ्याच ढांगा टाकत कॅश पुसली, आणि प्रत्येक दुसरी ओळ न पुसलेली राहिली. भारतात विकल्या गेलेल्या गॅलेक्सी एस७ मध्ये हीच चिप होती. प्रश्न योग्य होता, उत्तरही खरे होते. फक्त ते उत्तर एका गाभ्याचे होते आणि प्रोसेस सर्व गाभ्यांवर फिरत होती.

हे सारे निस्तरते कोण? रिस्क-व्हीवर ओपनजेडीके आणण्याचा प्रस्ताव ह्युआवेच्या अभियंत्यांनी तडीस नेला. सप्टेंबर २०२२ च्या जेडीके १९ मध्ये तो समाविष्ट झाला. क्रोम ब्राउझरच्या व्ही८ इंजिनाचे रिस्क-व्ही रूप घडवण्यात चिनी विज्ञान अकादमीच्या सॉफ्टवेअर संस्थेतील पीएलसीटी प्रयोगशाळेचा मोठा वाटा आहे. त्यांचे ऋण मानलेच पाहिजे. काम खुले आहे, आपल्यालाही फुकट मिळते. पण फुकट मिळणाऱ्या वस्तूचा आकार दुसऱ्याने ठरवलेला असतो. ओपनजेडीकेच्या त्या प्रस्तावात समर्थित रचना म्हणून आरव्ही६४जीव्ही ही एकच रचना नोंदवलेली आहे: ६४-बिट, आणि व्ही गृहीत. ज्यांनी लिहिले त्यांच्या टेबलावर जी यंत्रे होती त्यांवर चाचण्या झाल्या. आपल्या चिपचा त्या टेबलावर बोर्ड नसेल तर आपली चिप त्यांच्या दृष्टीने अस्तित्वात नाही, यात कोणाचा द्वेष नाही आणि कारस्थानही नाही.

‘पण आयरिसला जेआयटी कशाला हवा?’ हा प्रश्न मला अपेक्षित आहे, आणि तो रास्त आहे. अवकाशयानातील नियंत्रकावर कोणी ब्राउझर उघडणार नाही. तिथे चालत्या वेळी आज्ञा निर्माण करणे हाच प्रमाद ठरेल. वीजमीटर, कुलूप, पंखा यांनाही त्याची गरज नाही. हा युक्तिवाद करणाऱ्याने मग एवढे मान्य करावे की स्वदेशी प्रोसेसर मीटर आणि कुलुपांसाठीच आहेत. शक्तीच्या मूळ आराखड्यात तसे नाही: तिथे वर्कस्टेशन आणि सर्व्हरसाठी एस-क्लास आहे, महासंगणनासाठी एच-क्लास आहे. स्वप्न सर्व्हरचे पाहायचे आणि तयारी मीटरची ठेवायची, हे जमणार नाही.

दुसरा आक्षेप: आधी चिप स्थिरावू द्या, सॉफ्टवेअर मागाहून येईल. मागाहून काय येते ते २०२५ मध्ये दिसले. उबुंटूने आपल्या २५.१० आवृत्तीसाठी रिस्क-व्हीची किमान पातळी आरव्हीए२३ वर नेली. तिच्यात व्ही अनिवार्य आहे. बाजारातील तोवरचे बहुतेक बोर्ड एका निर्णयासरशी त्या आवृत्तीबाहेर गेले. डेबियनने मात्र ऑगस्ट २०२५ च्या १३ व्या आवृत्तीत आरव्ही६४जीसी हीच पायरी ठेवून रिस्क-व्हीला प्रथमच स्थिर प्रकाशनात घेतले. चेन्नईच्या सी-डॅकमध्ये घडलेली बॉस ही प्रणाली डेबियनवर बेतलेली आहे, ही आपल्यासाठी त्यातल्या त्यात दिलाशाची गोष्ट. परंतु किमान पातळी कुठे असावी याच्या चर्चेत जो बसत नाही, त्याच्यासाठी ती इतर लोक ठरवतात. आणि डेबियनसारखी खालची पायरी ठेवली की वरच्या क्षमता वापरायच्या की नाही हे चालत्या वेळीच ठरवावे लागते. म्हणजे ओझे पुन्हा जेआयटीच्याच खांद्यावर.

तिसरा आक्षेप, तो सहसा दबक्या आवाजात येतो: हे नळजोडणीचे काम आहे, संशोधन नव्हे, यावर शोधनिबंध निघत नाही. या आक्षेपाचा मला राग येतो, कारण तो खरा आहे. आपल्या विद्यापीठांत गाभ्याच्या नव्या रचनेला पदवी मिळते. एलएलव्हीएममध्ये आठ महिने खपून स्वीकृत झालेल्या दोनशे ओळींना टाळीही मिळत नाही. कंपायलरचा अभ्यासक्रम बहुधा कागदावरच्या कोड-निर्मितीपाशी थांबतो. स्मृतीचे एक पान मागावे, त्यात हाताने चार बाइट लिहावेत, ते चालवण्याची परवानगी घ्यावी, कॅश पुसावी आणि त्या पत्त्यावर उडी मारावी, हा अर्ध्या दिवसाचा प्रयोग न करताच बहुतेक विद्यार्थी अभियंते होतात.

ज्यांच्या हाती स्वदेशी बोर्ड नाही ते क्यूईएमयूवर सराव करतात, आणि तिथेही हाच सापळा आहे. त्याच्या वापरकर्ता-पातळीच्या अनुकरणात, विशेषतः जुन्या आवृत्त्यांत, रिस्क-व्ही कार्यक्रमाने ‘सीपीयूइन्फो’ फाइल उघडली की त्याला यजमान एक्स८६ यंत्राचीच माहिती दिसते. ती वाचून लक्ष्य ठरवणारा जेआयटी तिथे हमखास फसतो.

यात खरे पणाला काय लागले आहे ते एका दृश्यात सांगता येईल. उद्या एखाद्या शाळेला स्वदेशी चिपचा संगणक मिळतो. मुलगी ब्राउझर उघडते आणि तो ‘इल्लीगल इन्स्ट्रक्शन’ म्हणून बंद पडतो. किंवा कोणीतरी खबरदारी म्हणून जेआयटीच बंद करून ठेवलेला असतो, तेव्हा पान उघडते पण कित्येक पट मंद. ती किंवा तिचे शिक्षक एबीआय आणि व्ही विस्ताराची चौकशी करणार नाहीत. ते म्हणतील, आपल्या देशाची चिप कुचकामी आहे. आणि चेन्नईच्या प्रयोगशाळेत वर्षानुवर्षे घाम गाळून ज्यांनी तो गाभा निर्दोष घडवला, त्यांच्या कामावर तो शिक्का बसेल, जेव्हा दोष इतकाच असेल की एका कार्यक्रमाने चुकीच्या जागी चौकशी केली.

म्हणून पुढच्या चिपच्या बातमीत मला नॅनोमीटरच्या शेजारी आणखी काही ओळी वाचायच्या आहेत. या गाभ्यात नेमके कोणते विस्तार आहेत आणि त्यांची कोणती आवृत्ती. त्या बोर्डावर एचडब्ल्यूप्रोबने दिलेले उत्तर, जसेच्या तसे. मूळ लिनक्स कर्नल त्यावर चालतो का, की कुठल्याशा कोपऱ्यातली जुनी शाखाच लागते. ओपनजेडीके, व्ही८ आणि एलएलव्हीएम यांच्या स्वतःच्या चाचण्या त्यावर चालवल्या का, किती उत्तीर्ण झाल्या आणि न झालेल्यांची यादी कुठे आहे. आणि तो बोर्ड दुरून वापरता येईल असा दहा महाविद्यालयांना तरी खुला केला आहे का. कार्यक्रमाच्या एकूण खर्चात या गोष्टींचा खर्च नगण्य ठरेल. पण त्यासाठी माणसे नेमावी लागतील, आणि त्यांच्या कामाला संशोधन म्हणावे लागेल.

विद्यार्थ्यांनी तोवर थांबण्याचे कारण नाही. ३२-बिट प्रणालीचा रास्पबेरी पाय ४ हाती असेल तर आज रात्री त्याला दोन प्रश्न विचारा: एक ‘युनेम -एम’, दुसरा ‘गेटकॉन्फ लाँग_बिट’. पहिल्याचे उत्तर येईल एआर्च६४, दुसऱ्याचे ३२. मग आवडत्या भाषेच्या जेआयटीचा स्रोत उघडा आणि त्याने यांपैकी कोणता प्रश्न विचारला आहे ते शोधा. पहिला सापडला, तर दुरुस्ती लिहा आणि पाठवा.